फोन वाजला की नेट बंद!

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी वायरचा फोन आहे? आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तर एकही हात वर झाला नाही. उलट पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मलाच विचारलं, "सर, वायरचा फोन म्हणजे चार्जिंगला लावलेला फोन का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तिचा प्रश्न काही वेडगळ नव्हता बरं का! आजच्या मोबाइलला रोज चार्ज करावं लागतं. मग पूर्वीच्या त्या टेबलावरच्या फोनला कोण चार्ज करत होतं? त्याला ना सेल, ना चार्जर, ना भिंतीतल्या विजेचं बटण. गावात आठ-आठ तास लोडशेडिंग असायचं, कंदील लावून आम्ही अभ्यास करायचो, आणि तेवढ्यात त्या काळोखात फोन मात्र ठणठणीत वाजायचा! मग त्याला वीज मिळायची कुठून?

हे कोडं मला ज्या दिवशी सुटलं, त्या दिवसाची ही गोष्ट आहे. गोष्टीबरोबर थोडं विज्ञान आहे, थोडं गणितही आहे. घाबरू नका, गणित भागाकाराचंच आहे.

निकालाचा दिवस

साल २००७. मी तेव्हा दहावीत जाणार होतो. माझ्या मामांचं खामगावला दुकान होतं. आधी तिथे नुसता पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ होता. पुढे घरोघरी मोबाइल आले, बूथ ओस पडला, तेव्हा मामांनी कर्ज काढून दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं. सुट्टीत मी तिथे मदतीला जायचो. मदत म्हणजे काय, प्रिंटरमध्ये कागद घालायचे आणि वहीत पैसे लिहायचे.

त्या दिवशी दुपारी बारावीचा निकाल इंटरनेटवर लागणार होता. सकाळपासूनच दुकानासमोर आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं-मुली जमू लागली. कोणी सायकलवर आलं, कोणी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून. त्यांच्यात माझी ताईही होती. ताईचं काळीज नुसतं धडधडत होतं, आणि त्याला कारणही होतं. आमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "फर्स्ट क्लास आला तर पुढं शिकवतो. नाही आला, तर स्थळं येऊनच राह्यली आहेत."

वेळ झाली. मामांनी पहिला नंबर टाकला. पान अर्धं उघडलं आणि थांबलं. पुन्हा टाकला. पुन्हा थांबलं. त्यात टेलिफोन सारखा खणखणत होता. गावोगावचे मामा, काका, आत्या फोन करून विचारत होते, "आमच्या पोराचा निकाल लागला का हो?" मामा रिसीव्हर उचलून ओरडायचे, "नेटच चालत नाही!" आणि आपटून ठेवायचे.

गर्दीत कोणी म्हणे कॉम्प्युटरला व्हायरस लागला. कोणी म्हणे वेबसाइटवरच गर्दी आहे. मला काम काहीच नव्हतं, म्हणून मी मोडेमच्या दिव्यांकडे बघत बसलो होतो. ती वहीएवढी काळी पेटी. तिच्यावर चार हिरवे दिवे ओळीने. आणि बघता बघता माझ्या लक्षात एक गंमत आली. फोन वाजला, की दुसरा दिवा लुकलुकायला लागायचा. मग पाऊण-एक मिनिटाने तो पुन्हा स्थिर व्हायचा. तेवढ्यात परत फोन! परत लुकलुक!

मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "बाबू, तू गप बस. फोनचा आणि नेटचा काय संबंध?"

पण संबंध होता. लोक जितके जास्त फोन करत होते, तितकं नेट जास्त बंद पडत होतं. आणि नेट जितकं बंद पडत होतं, तितके लोक जास्त फोन करत होते!

बॅटरी आहे तरी कुठे?

गोष्ट इथे जरा थांबवू या, आणि फोनच्या तारेत काय चालतं ते बघू.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १० मार्च १८७६ रोजी टेलिफोनवरून पहिलं वाक्य बोलून दाखवलं. आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथे १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. सुरुवातीच्या काळात प्रत्येक घरातल्या फोनजवळच बॅटरी ठेवावी लागे. ती उतरली की फोन मुका! पुढे एक चांगली युक्ती निघाली. घरोघरी बॅटऱ्या ठेवण्यापेक्षा एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवायची आणि तिथूनच सगळ्यांना तारेवाटे वीज द्यायची.

म्हणजे फोनला चार्जर नव्हता असं नाही. त्याचा चार्जर दोन-चार किलोमीटर लांब, एक्स्चेंजच्या खोलीत बसलेला होता! तिथे ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखेच शिसं आणि आम्लाचे सेल असत. एक सेल २ व्होल्टचा. असे २४ सेल एकापुढे एक जोडले की २४ गुणिले २ बरोबर ४८ व्होल्ट. गावची वीज गेली तरी ही बॅटरी तासन् तास पुरायची. शिवाय बहुतेक ठिकाणी डिझेलवर चालणारं जनित्रही असे. म्हणून आमच्या काळोखातही फोन वाजायचा.

हे सेल सतत चार्ज होत असल्यामुळे प्रत्यक्षात दाब थोडा जास्त भरतो. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना फोनच्या दोन तारांमध्ये ४८ ते ५४ व्होल्ट मिळतात.

यातली आणखी एक गंमत ऐका. एक्स्चेंजमध्ये या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात आणि तारेत ऋण दाब सोडतात. असं उलटं का? तर ओलसर जमिनीत तांब्याच्या तारेवर धन दाब असला, की विजेमुळे तांबं हळूहळू विरघळून झिजतं. ऋण दाब असला की ते टिकतं. विजेने धातूवर मुलामा चढवण्याचा धडा तुम्ही शिकला असाल ना? तेच तत्त्व इथे तार वाचवायला वापरलं आहे.

आता गणित. फोनची तार केसासारखी बारीक नसली, तरी फार जाडही नसते. अर्ध्या मिलिमीटरची तार असेल, तर जाण्यायेण्याच्या दोन तारा मिळून एका किलोमीटरला साधारण १७५ ओहम रोध असतो. रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा. समजा, तुमचं घर एक्स्चेंजपासून ४ किलोमीटरवर आहे.

तारेचा रोध : १७५ × ४ = ७०० ओहम
एक्स्चेंजमधला रोध : सुमारे ४०० ओहम
फोनचा स्वतःचा रोध : सुमारे २०० ओहम
एकूण : १३०० ओहम

ओहमचा नियम काय सांगतो? दाबाला रोधाने भागा, की प्रवाह मिळतो. ४८ भागिले १३०० बरोबर सुमारे ०.०३७ अँपिअर. इतक्याशा प्रवाहावर फोन बोलतो! आणि बोलताना फोनवर किती व्होल्ट उरतात? २०० गुणिले ०.०३७, म्हणजे साधारण ७ व्होल्ट. बाकीचे वाटेतच खर्ची पडतात. म्हणून रिसीव्हर खाली असताना ५० व्होल्ट, आणि उचलला की एकदम ६ ते १२ व्होल्ट. दाब असा उतरला आणि प्रवाह सुरू झाला, की एक्स्चेंजला कळतं, 'अरे, या घरच्यांना बोलायचं आहे.' मग ते कानात डायल टोन सोडतं.

ट्रिंग ट्रिंग!

बोलायला ७ व्होल्ट पुरतात. पण घंटा वाजवायला तेवढ्याने भागत नाही. जुन्या फोनमध्ये खरीखुरी पितळी घंटा आणि तिच्यावर आपटणारी छोटी हातोडी असायची. तिला हलवायला एक्स्चेंज वेगळीच वीज सोडतं. साधारण ७५ ते ९० व्होल्टची आणि तीही दिशा बदलणारी, म्हणजे ए.सी. आपल्या देशात ती सेकंदाला २५ वेळा मागेपुढे होते. 'ट्रिंग ट्रिंग', मग दोन सेकंद गप्प. परत 'ट्रिंग ट्रिंग'.

मग ते ५० व्होल्ट सतत असूनही घंटा सतत का वाजत नाही? कारण घंटेच्या वाटेवर एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याचं नाव कपॅसिटर. तो एकाच दिशेने येणाऱ्या विजेला अडवतो आणि मागेपुढे होणाऱ्या विजेला सोडतो.

आता लक्षात आलं? एकाच जोडीत किती प्रकारची ये-जा चालते ती! बॅटरीची वीज, घंटेची वीज, आणि आवाजाची वीज. आणि २००५ नंतर या गर्दीत चौथा पाहुणा शिरला.

एका शेतात आंतरपीक

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ते आधी मोठ्या शहरांत आणलं. त्या वेळी मोडेम चक्क फोन लावायचा. 'कुंई... कुंई... खर्रर्र' असे आवाज काढत तो पलीकडच्या मोडेमशी बोलायचा. मोडेम या नावातच त्याचं काम आहे. कॉम्प्युटरची शून्य-एकची भाषा आवाजात घालणारा तो मॉड्युलेटर, आणि आवाजातून ती परत काढणारा तो डीमॉड्युलेटर. दोन्ही मिळून मोडेम.

फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनं एवढाच तिचा पल्ला. तेवढ्या अरुंद वाटेने माहिती जाणार तरी किती? चांगल्यात चांगला मोडेम ५६ किलोबिटचा, म्हणजे सेकंदाला ७ किलोबाइट. ७०० मेगाबाइटचा एखादा सिनेमा त्यावरून उतरवायचा म्हटलं, तर एक लाख सेकंद लागतील. तास काढा बरं! जवळजवळ २८ तास! आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज.

जानेवारी २००५ मध्ये बी.एस.एन.एल. आणि एम.टी.एन.एल. यांनी ब्रॉडबँड आणलं. तार तीच जुनी तांब्याची, पण युक्ती नवी. आपल्याकडे शेतात कपाशीच्या ओळींत तूर आणि मूग लावतात ना? शेत एक, पिकं तीन, प्रत्येकाची ओळ वेगळी. अगदी तसंच. बोलणं खालच्या कंपनांवर, सेकंदाला ४ हजारांच्या आत. इंटरनेट वरच्या कंपनांवर, सेकंदाला २५ हजारांपासून थेट काही लाखांपर्यंत. दोघं एकाच तारेतून धावतात, पण एकमेकांच्या ओळीत जात नाहीत.

मात्र घरात आल्यावर पिकं वेगळी करावी लागतात. त्यासाठी एक छोटी डबी मिळते, तिचं नाव स्प्लिटर. ती म्हणजे विजेची चाळणी. तिच्या एका तोंडातून फक्त खालची कंपनं फोनकडे जातात, दुसऱ्या तोंडातून वरची कंपनं मोडेमकडे. नियम एकच. घरातला प्रत्येक फोन चाळणीच्या पलीकडेच हवा. एक जरी फोन चाळणीच्या अलीकडे राहिला, तर वाजताना किंवा उचलताना तो लाइनला असा हिसका देतो, की मोडेमचं एक्स्चेंजशी जुळलेलं सूत तुटतं. मग मोडेमला पहिल्यापासून सूत जुळवावं लागतं. दिव्याची लुकलुक म्हणजे तेच.

आता चला परत दुकानात.

काकांची पिशवी

गर्दीत एक लाईनमन काका उभे होते. ते कामावर आले नव्हते. त्यांच्या मुलीचाही निकाल होता. पण खांद्याला त्यांची खाकी पिशवी होतीच. मी धीर करून त्यांना म्हणालो, "काका, फोन वाजला की दुसरा दिवा जातो."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू पाह्यलं का सोता?"

"सात वेळा पाहिलं. वहीत खुणा केल्या आहेत."

"मंग काही तरी हाय," असं म्हणून काका आत आले. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. भिंतीवरच्या रोझेटचं, म्हणजे लाइन जिथे दुकानात शिरते त्या पांढऱ्या डबीचं झाकण उघडलं. पिशवीतून मल्टिमीटर काढला आणि त्याच्या दोन पिना दोन तारांना लावल्या. काटा ४५ वर थांबला.

"पन्नास पाह्यजेत," काका म्हणाले. "पाच कुठं गळून राह्यले?"

मग त्यांनी डबीतल्या तारा मोजल्या. एक जोडी बाहेरून आलेली. एक स्प्लिटरकडे गेलेली. आणि ही तिसरी? ती खिडकीतून मागे कुठे जाते?

मामांचा चेहरा उतरला. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. मामींना दुकानात यावं लागू नये, म्हणून मामांनी स्वतःच एक वायर काढून स्वयंपाकघरात जुना डायलचा फोन लावला होता. आम्ही वायरीच्या मागे मागे गेलो. मोरीजवळ तिला एक जोड होता. नुसत्या पिळलेल्या तारा, त्यांना चिकटपट्टीही नाही. तांब्यावर हिरवा थर चढलेला आणि वरून आंघोळीचं पाणी उडालेलं. पाच व्होल्ट तिथे गळत होते. आणि तो फोन तर चाळणीच्या अलीकडेच होता!

काकांनी ती तिसरी जोडी डबीतून सोडवली. काटा पाहिला. ५०. थोड्याच वेळात फोन वाजला. आम्ही सगळे श्वास रोखून दिव्याकडे पाहत होतो. दिवा जागचा हलला नाही.

अर्धं-अर्धं करत जा

काकांनी काय केलं, ते पुन्हा पाहू. त्यांनी अंदाज केला नाही. व्हायरसला दोष दिला नाही, वेबसाइटलाही नाही. त्यांनी लाइनचे दोन भाग केले. घराच्या बाहेरचा आणि घराच्या आतला. आणि बरोबर मधल्या डबीत मोजून पाहिलं.

तुम्ही हा खेळ खेळला असाल. मित्राने मनात १ ते ६४ मधला एक आकडा धरायचा. तुम्ही विचारायचं, "३२ पेक्षा मोठा आहे का?" उत्तर काहीही आलं, तरी निम्मे आकडे बाद. परत उरलेल्यांचे निम्मे. असे फक्त सहा प्रश्न, आणि आकडा तुमच्या हातात! बिघाड शोधायची रीत हीच आहे.

काटा काय सांगतो, तेही काकांनी मला त्या दिवशी वहीत लिहून दिलं. ते असं :

१) सगळे फोन आणि मोडेम काढून ठेवले आणि काटा ४८ ते ५४ दाखवतो : बाहेरची लाइन ठीक आहे. दोष घरात शोधा. एकेक वस्तू परत जोडत जा. ज्या वस्तूने बिघाड परत येईल, तीच चोर.

२) काटा ० दाखवतो : तार तुटली आहे, किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

३) काटा ६ ते १२ दाखवतो आणि फोन कोणीच उचललेला नाही : कुठल्या तरी खोलीत रिसीव्हर नीट ठेवलेला नाही. आधी तो बघा!

४) सगळं काढूनही काटा ३०-४० च्या घरात लोळतो : कुठल्या तरी जोडात पाणी शिरलं आहे.

यातला चौथा प्रकार आपल्या भागात पावसाळ्यात फार. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेल्या केबलला आणि तिच्या जोडांना ताण बसतो. जोड जरा उघडा पडला, की पाणी आत. मग फोनमध्ये खरखर आणि मोडेमची लुकलुक.

मला बसलेला झटका

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काकांनी मामींचा फोन नीट जोडून द्यायचं ठरवलं. या वेळी चाळणीच्या पलीकडून. मी वायरचं वरचं प्लास्टिक काढायला ती दातात धरली, तर काका ओरडलेच, "ए पोरा! दात कायले लावतं वायरले? झटका बसन ना!"

मी वायर दातातून काढली. पण काका चहा घ्यायला वळले आणि मी उघडी टोकं घामेजल्या बोटांत धरून बसलो. मनात म्हटलं, पन्नास व्होल्टने काय होतंय? आणि नेमका तेव्हाच फोन वाजला!

घंटेची वीज ७५ व्होल्टच्या वर असते, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी बोटांनी शिकलो. हात असा झटकला गेला, की स्टुलावरचा चहाचा कप खाली. म्हणून मुलांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फोनची असो वा कसलीही, उघडी तार हातात किंवा दातात धरायची नाही. मल्टिमीटर वापरायचा तो मोठ्या माणसासमोरच, आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेजवळ तर तो न्यायचाच नाही. दुसरी गोष्ट, आभाळात गडगडाट सुरू झाला की वायरचा फोन कानाला लावायचा नाही. मोडेमची विजेची पिन आणि लाइनची पिन, दोन्ही आधीच काढून ठेवायच्या. गडगडाट जवळ आल्यावर मात्र त्यांनाही हात लावायला जायचं नाही. दूर खांबावर पडलेली वीज तारेवाटे घरात येऊ शकते. तिचा दाब पन्नासाचा नसतो, हजारो व्होल्टचा असतो.

काचेची तार

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं जुनं झालं. आता आमच्याकडे फायबर आहे.

खरं आहे. गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. आज ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जातच नाही, जातो तो प्रकाश. त्यामुळे ओल्या जोडात व्होल्ट गळायची भानगड नाही आणि तारेवाटे विजेचा झटका येण्याची भीतीही नाही. पण एक गोष्ट आपण गमावली. काचेतून एक्स्चेंजची बॅटरी येत नाही. म्हणून घरची लाइट गेली, की मोडेम बंद आणि त्यावरचा फोनही बंद. जुना तांब्याचा फोन अशा वेळी वाजत राहायचा.

बिघाड शोधायची रीत मात्र बदललेली नाही. मोडेमवरचा एकही दिवा लागत नाही? मग अॅडॉप्टर आणि विजेचं बटण बघा. एल.ओ.एस. नावाचा दिवा लाल झाला? मग प्रकाश पोचत नाही. कुठे तरी फायबर तुटली किंवा फार वाकली. खड्डा खणताना जे.सी.बी. लागला असेल, नाही तर घरात कपाटाखाली ती दाबली गेली असेल. लाल दिवा नाही, पण मोबाइलवर नेट येत नाही? मग फायबर बहुधा ठीक आहे. दोष मोडेममध्ये, मोबाइलमध्ये किंवा नेट देणाऱ्या कंपनीकडे शोधा. झाले की नाही अर्धे-अर्धे भाग? आणि हो, सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधी बघायचं नाही. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

करून पाहा

टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, तीन वायरचे तुकडे आणि पेन्सिलीतलं एक अखंड शिसं घ्या. सेल, बल्ब आणि शिसं ओळीने जोडा. वायरचं एक टोक शिशाच्या एका टोकाला बांधा आणि दुसरं शिशावरून सरकवत न्या. टोकं जवळ आणली, की बल्ब जास्त उजळतो. लांब नेली, की मंद होतो. एक्स्चेंजपासून लांबच्या घरी फोनचा आवाज बारीक का यायचा, ते तुम्हाला लगेच समजेल. यात फक्त सेलच वापरायचे. भिंतीतल्या विजेशी हा प्रयोग करायचा नाही.

आणि निकालाचं काय झालं?

दिवा स्थिर झाल्यावर मामा म्हणाले, "काका, आधी तुमच्या पोरीचा." काकांनी खिशातून नंबराची चिठ्ठी काढली. पान उघडलं. मुलगी इंग्रजीत गेली होती. काका क्षणभर पडद्याकडे बघत राहिले. मग चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "जाऊ द्या. ऑक्टोबरले देईन पुन्हा. लावा, दुसऱ्याचा लावा. पोरं उभी हायेत." आणि ते घरी गेले नाहीत. लाइन पुन्हा जाऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले.

ताईचा नंबर सतरावा लागला. ६०० पैकी ३८९. भागाकार मीच केला. ६४.८३ टक्के. फर्स्ट क्लास! ताई प्रिंट हातात घेऊन रडत होती, हसत होती. वडिलांनी शब्द पाळला. ताई आज एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. काकांची मुलगी ऑक्टोबरमध्ये पास झाली. ते पेढे घेऊन दुकानात आले होते.

काकांनी लिहून दिलेलं ते वहीचं पान माझ्याजवळ अजून आहे. शाळेत मुलं पळत येतात, "सर, सर, नेट बंद पडलं!" मी त्यांना एकच विचारतो, "कोणता दिवा लुकलुकतोय?" आता मुलं आधी दिवा बघून येतात, आणि मगच मला सांगतात.